हळदीला पट्टी मिळते, तर दिरहमला का नको?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या बाजारभावाच्या रकान्यात रोज हळदीचा, गुळाचा, बेदाण्याचा आणि सोन्या-चांदीचा दर छापून येतो. माझ्यासारखे कितीतरी वाचक सकाळी पेपर हातात घेतला की आधी तोच रकाना पाहतात. त्याच रकान्याच्या तळाशी डॉलर, युरो, दिरहम, सिंगापूर डॉलर आणि थाई बाट यांचा आदल्या दिवसाचा दर दोन ओळींत द्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गेल्या काही वर्षांत सांगली, मिरज, इस्लामपूर, विटा या भागांतून परदेशी सहलीला जाणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे आणि त्यांत पहिल्यांदाच पासपोर्ट काढलेले निवृत्त शिक्षक, शेतकरी आणि लहान व्यापारी मोठ्या संख्येने असतात. या माणसांचे पैसे परदेशात खर्च होण्याआधी, इथेच, नोटा बदलताना कसे जातात ते मी स्वतः भोगून पाहिले आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर चौतीस वर्षे दिवाणजी होतो. शेतकऱ्याच्या मालाचा सौदा झाला की त्याच्या हातात पट्टी पडते. तिच्यावर पोती किती, वजन किती, सौद्यात काय दर निघाला, हमाली किती, तोलाई किती आणि हातात रोख किती, हे सारे ओळीने लिहिलेले असते. अक्षरओळख नसलेला शेतकरीसुद्धा ती पट्टी गावातल्या कुणा मुलाकडून वाचून घेतो आणि हिशेबात दहा रुपयांचा फरक निघाला तर दुसऱ्या दिवशी पेढीवर येऊन उभा राहतो. पूर्वी अनेक बाजारांत व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून दर ठरवीत आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. उघड लिलाव आला तेव्हा ती हत्ता पद्धत मोडली. एवढ्या जुन्या आणि खडतर वाटेने मिळालेला हा हक्क आपण परकीय चलन घेताना एका रात्रीत सोडून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळी झाल्यावर, मी आणि माझी पत्नी सांगलीहून निघालेल्या बत्तीस जणांच्या गटाबरोबर दुबईला गेलो. सहलीआधीच्या बैठकीत आयोजकांनी आम्हाला सामानाचे वजन, औषधांची चिठ्ठी, कपडे यांविषयी तासभर माहिती दिली. पैशांविषयी मात्र एकच वाक्य सांगितले की वरखर्चाचे दिरहम विमानतळावर चोवीस तास मिळतात, तिथेच घ्या. रात्रभर बसने प्रवास करून पहाटे तीनच्या सुमारास आम्ही विमानतळावर पोहोचलो. चलन बदलण्याच्या खिडकीसमोर आमच्याच गटातली माणसे रांगेत उभी होती, मागून घाई चालली होती आणि खिडकीवर ठळक अक्षरांत ‘झिरो कमिशन’ असे लिहिले होते. मी १,८०० दिरहम मागितले, ४६,०८० रुपये आणि वर थोडा जीएसटी मोजून दिला, पावती घडी घालून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली आणि पुढे गेलो. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या पट्ट्या लिहिलेल्या माणसाने स्वतःची पावती मात्र विमान उडाल्यावर उघडली.

पावतीवर दर होता २५ रुपये ६० पैसे. त्या आठवड्यात डॉलरचा दर ८४ रुपये ४० पैशांच्या आसपास होता. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी बांधलेला आहे आणि एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हे प्रमाण ठरलेले आहे, त्यामुळे डॉलरचा दर माहीत असला की दिरहमचा दर साध्या भागाकाराने निघतो. तो निघत होता २३ रुपयांच्या जवळ. म्हणजे एका दिरहममागे २ रुपये ६० पैसे जास्त, आणि १,८०० दिरहमांमागे ४,६८० रुपये जास्त. कमिशन शून्य होते, हे शब्दशः खरे होते. परंतु जे कमिशन वेगळे घ्यायचे तेच दरात मिसळलेले असेल, तर ग्राहकाला ते दिसणार कसे? सहलीहून परतल्यावर त्याच प्रकारच्या खिडकीवर उरलेले ४१० दिरहम मी परत दिले, तेव्हा मिळालेला दर होता २० रुपये ५० पैसे. जे दिरहम मी १०,४९६ रुपयांना घेतले होते त्यांचे ८,४०५ रुपये झाले आणि त्यातून ४५ रुपये जीएसटी वजा झाला. पाच दिवसांत रुपयाचा भाव फारसा हलला नव्हता, हलला होता तो केवळ खिडकीचा खरेदीदर आणि विक्रीदर यांमधील फरक.

इथे मी एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. चलन बदलून देणाऱ्याने नफा घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. परदेशी नोटा आणणे, सांभाळणे, त्यांचा विमा, विमानतळावरील जागेचे भाडे, रात्रपाळीचे पगार, हा सारा खर्च त्याला दरातूनच काढावा लागतो आणि घाऊक बाजारातला दर किरकोळ ग्राहकाला कधीच मिळणार नाही, हे यार्डात आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. परंतु मधले अंतर दोन टक्के आहे की अकरा टक्के, हे पैसे मोजण्याआधी ग्राहकाला कळले पाहिजे. माझ्या बाबतीत ते अकरा टक्क्यांहून अधिक होते.

हे अंतर मोजायला मापही उपलब्ध आहे. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर करते. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करीत असे आणि जुलै २०१८ पासून ते या संस्थेकडे आले. तो आपल्याला मिळणारा दर नव्हे, परंतु मिळालेला दर त्याच्या शेजारी ठेवून पाहता येतो. परवानाधारक चलन व्यावसायिकांनी खरेदी आणि विक्रीचे दर दर्शनी जागी लावावेत आणि रोज सकाळी साडेदहापर्यंत ते ताजे करावेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देशही आहेत. दरफलक मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, आपण तो वापरत नाही, कारण फलकावरील आकडा महाग की स्वस्त हे ठरवायला लागणारा दुसरा आकडा आपल्याजवळ नसतो. तो दुसरा आकडा सकाळच्या पेपरात असावा, एवढेच मागणे आहे.

जीएसटीचा अनेकांना उगाच धसका वाटतो. चलन बदलताना तो पूर्ण रकमेवर लागत नाही. सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार, एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के कर लावतात. म्हणजे लाखामागे १८० रुपये, आणि लहान व्यवहारात कमीत कमी ४५ रुपये. माझ्या ४६,०८० रुपयांवरचा कर ८३ रुपये होता. आमच्या गटातले लोक त्या ८३ रुपयांविषयी विमानात बराच वेळ बोलत होते, ४,६८० रुपयांविषयी कोणीच बोलले नाही, कारण ते पावतीवर कुठेही लिहिलेले नव्हते.

दुसरा अनुभव कार्डाचा, तो आमच्या गटातील एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. दुबईच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी खजूर आणि अत्तर घेतले, बिल झाले ३५० दिरहम. दुकानदाराने कार्डाचे यंत्र त्यांच्यापुढे धरले, तेव्हा पडद्यावर दोन आकडे होते, वर ३५० दिरहम आणि खाली ८,५२० रुपये, आणि दोन्हींपुढे एकेक बटण. आपल्या रुपयांचा आकडा पाहून त्यांना हायसे वाटले आणि त्यांनी तोच निवडला. त्या दिवसाच्या दराने ३५० दिरहमांचे साधारण ८,०५० रुपये होत होते. रुपयाचा पर्याय निवडला की दर आपली बँक ठरवीत नाही, तो त्या यंत्रामागची कंपनी ठरविते आणि आपली सोय म्हणून दिलेल्या त्या आकड्यात तिचा नफा आधीच धरलेला असतो. शिवाय परदेशी दुकानातील रुपयांतल्या व्यवहारावरही काही बँका वेगळे शुल्क लावतात. म्हणून परदेशात कार्ड वापरताना, आणि एटीएममधून पैसे काढतानाही, नेहमी त्या देशाचे चलनच निवडावे. हे एक वाक्य जरी सहलीच्या बैठकीत सांगितले असते, तरी त्या बाईंचे चार-पाचशे रुपये वाचले असते. त्यांचे निवृत्तिवेतन मला माहीत आहे, म्हणून ही रक्कम मला लहान वाटत नाही.

कार्डाचेही सगळेच प्रकार सारखे नसतात. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परकीय चलनाच्या खर्चासाठी बँका ३.५ टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की तो ४.१३ टक्के होतो. हा अधिभार न लावणारी किंवा कमी लावणारी कार्डेही आता मिळतात, परंतु विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आधी पैसे भरून घ्यायचे ट्रॅव्हल कार्ड घेतले तर दर भरतानाच ठरतो. मात्र ज्या देशात जायचे त्याच देशाचे चलन त्यात भरावे. डॉलर भरलेले कार्ड दिरहमसाठी वापरले की मध्ये पुन्हा एक बदल होतो आणि त्याचेही शुल्क पडते. क्रेडिट कार्डावर परदेशात रोख रक्कम काढू नये, कारण तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. थायलंडसारख्या देशात परदेशी कार्डाने पैसे काढले की तिथली बँक दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क घेते, तेव्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच बेताचे काढणे परवडते. आणि घरून निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशातील वापर सुरू करून घेणे फार महत्त्वाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. आमच्या गटातल्या चौघांची कार्डे दुबईत पहिल्याच दिवशी नाकारली गेली ती याच कारणाने. ओटीपीचा मोबाइल क्रमांक परदेशात चालू नसल्याने तिथून ती सुरूही करता येईनात.

यूपीआयविषयी लोक मोठ्या विश्वासाने बोलतात आणि तो विश्वास काही अंशी योग्यही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरवर आणि त्यानंतर काही दिवसांनी श्रीलंका व मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झाले, भूतान, नेपाळ, सिंगापूर, अमिराती येथेही ते ठरावीक दुकानांत चालते. परंतु ‘ठरावीक’ हा शब्द विसरून चालत नाही. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करावा लागतो आणि रुपयांत किती रक्कम वळती होणार, हे पिन टाकण्याआधी वाचावे लागते. केवळ यूपीआयच्या भरवशावर रिकाम्या खिशाने जाऊ नये.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्हाला मुलीकडे सिंगापूरला जायचे होते, तेव्हा मी दिवाणजीपणा आधीच सुरू केला. परवानगी असलेले परकीय चलन प्रवासाच्या साठ दिवस आधीपासून घेता येते, त्यामुळे घाई करण्याचे काही कारण नसते. मी सांगलीतल्या तीन ठिकाणी जाऊन एकच प्रश्न विचारला की ६०० सिंगापूर डॉलरच्या नोटांसाठी सर्व धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील. दर विचारला नाही, एकूण रुपये विचारले, कारण दर, शुल्क आणि कर यांची तीन उत्तरे एकत्र केल्याशिवाय तुलना होत नाही. एका बँकेच्या शाखेत हे काम होत नसल्याचे सांगितले, दुसरीकडचा आकडा बराच अधिक होता. तिसरीकडे मागणी नोंदवून चार दिवसांनी ६७ रुपये ३० पैशांनी नोटा मिळाल्या, तेव्हा बाजारातला दर ६५ रुपये ७० पैशांच्या आसपास होता. ४०,३८० रुपयांच्या या व्यवहारात अंतर पडले ते ९६० रुपयांचे, कर वेगळा. जवळपास तेवढ्याच रकमेवर दुबईच्या वेळी ४,६८० रुपये गेले होते. उरलेला खर्च मुलीने सुचविलेल्या कमी अधिभाराच्या कार्डावर केला. भारतातून जाताना प्रत्येकाला २५,००० रुपयांपर्यंत भारतीय नोटाही नेता येतात, आणि सिंगापूरच्या लिटल इंडियात त्या बदलून देणारी दुकाने शेजारी शेजारी असल्यामुळे तिथे दराची चढाओढ चालते. शहरातल्या अशा बाजारपेठेतले दर विमानतळापेक्षा बरे असतात, हे बहुतेक देशांत लागू पडते. तेव्हा उतरल्यावर टॅक्सी आणि चहापुरते पैसे जवळ असले की पुरे.

नोटांच्या बाबतीत नियमही माहीत असावेत. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच रोख परकीय नोटा मिळतात, बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. चलन घेताना रोख रुपये ५०,००० पर्यंतच देता येतात, त्यापुढे बँकेतून भरावे लागतात. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात, त्याहून अधिक उरल्या तर १८० दिवसांत परत कराव्या लागतात. नाणी कोणीही परत घेत नाही, ती तिथेच पाण्याच्या बाटलीवर संपवावीत. लिहिलेली किंवा फाटकी डॉलरची नोट इथे चुकूनही स्वीकारू नये, परदेशात ती नाकारली जाते.

आपल्या भागात एक सवय मात्र काळजी करण्यासारखी आहे. आखातातून सुट्टीला आलेल्या ओळखीच्या माणसाकडून डॉलर किंवा दिरहम थोड्या कमी दराने घेण्यात कोणालाच काही चूक वाटत नाही. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार असे चलन केवळ अधिकृत व्यक्तीकडूनच घेता येते. कायदा मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. नोट खोटी निघाली तर दाद मागायला पावतीही नसते. चार पैसे वाचविण्यासाठी कृपया कोणी हा मार्ग धरू नये.

सहल आयोजकांना माझी कळकळीची विनंती अशी आहे की त्यांनी ‘समाविष्ट नाही’ या शब्दांखाली झाकलेला खर्च आकड्यांत सांगावा. दुबईत हॉटेलच्या दर्जानुसार खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिरहम पर्यटन शुल्क द्यावे लागते. आमच्या पाच रात्रींचे ७५ दिरहम झाले आणि ते खोलीची चावी देण्याआधी मागितले, तेव्हा अनेकांना ही फसवणूक वाटली. ती फसवणूक नव्हती, ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. हॉटेलची अनामत, मार्गदर्शक आणि बसचालक यांची टिप, ऐच्छिक ठिकाणांची तिकिटे, दुपारचे जेवण, हे सारे मिळून माणशी साधारण किती लागेल याचा एक कागद मराठीत द्यावा. माझ्या पत्नीने पाच दिवस लहान वहीत पै-पैचा हिशेब लिहिला, त्यामुळे आमच्या दोघांचा वरखर्च १,३९० दिरहम झाला हे मी आज सांगू शकतो. ती वही आधीच कोणाच्या तरी हातात असती, तर आम्ही ४१० दिरहम जास्तीचे घेतले नसते. पॅकेजवर गोळा केलेल्या टीसीएसविषयीही, म्हणजे आयोजकाने आपल्याकडून आगाऊ घेतलेल्या प्राप्तिकराविषयीही, बैठकीत सांगावे. ही रक्कम आयोजकाची नसते, ती आपल्या पॅनवर जमा होते आणि देय करापेक्षा जास्त असेल तर परत मिळते. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्र न भरणारे कितीतरी ज्येष्ठ नागरिक हा परतावा तसाच सोडून देतात.

जिल्ह्यातील बँकांनी आणि परवानाधारक व्यावसायिकांनी पैसे घेण्याआधी ग्राहकाला एक पट्टी द्यावी. तिच्यावर त्या दिवसाचा संदर्भ दर, आपला दर, शुल्क, कर आणि एकूण रुपये एवढ्या पाच ओळी असाव्यात. आपल्या दैनिकाने रकान्यात दर छापताना नोटांचा किरकोळ दर यापेक्षा वेगळा असतो, अशी एक ओळ खाली द्यावी, म्हणजे वाचकांचा गैरसमज होणार नाही. दिरहमचा दर डॉलरवरून काढता येतो, सिंगापूर डॉलर आणि बाट यांचे दर बँकांच्या रोजच्या दरपत्रकांत मिळतात. हे आकडे जमविण्यास आपल्या कार्यालयात माणूस मोकळा नसेल, तर पहिले तीन महिने ते रोज संध्याकाळी उतरवून, तपासून, विश्रामबागेतून आपल्या कार्यालयात स्वतः आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त दिवाणजी,
विश्रामबाग, सांगली